पहिल्या रांगेची माया

"आज नको उभी राहूस गं स्टेजवर," ट्रेव्हर म्हणाला. तो ड्रम वाजवायचा, आणि एरवी फारसं बोलायचा नाही. "डोळ्यात पुन्हा घाण गेली तर डोळा जाईल, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलंय तुला."

"सांगते ना त्यांना," ग्लेनिस म्हणाली. "माझीच पोरं आहेत. नाही थुंकणार."

लीड्सच्या त्या पबमागच्या खोलीत टाळ्या कुणी वाजवत नसे. टाळ्या आईबापांच्या गाण्यांना. इथे पंक चालायचं; बँड जिवाभावाचा वाटला की पोरं त्याच्यावर थुंकत. जेवढी माया दाट, तेवढा मारा दाट. वर्षभर ग्लेनिस त्या मायेत न्हात आली होती, आणि गात आली होती.

बिअरच्या क्रेटांवर फळ्या टाकलेल्या. ग्लेनिस त्यांच्यावर चढली आणि थबकली. पहिल्या रांगेत सगळ्यांच्या डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. कुणी बनियन फाडलेला, कुणी आईच्या उशीचा अभ्रा, वर सेफ्टी पिन. गेल्या शनिवारी तिने बांधली होती, अगदी तशीच.

"अरे कार्ट्यांनो, ही फॅशन नाहीये!" ती माइकवर म्हणाली. "डोळा खरंच पिकलाय माझा. आज थुंकू नका रे. डॉक्टरांनी सांगितलंय."

खोली हसून हसून फुटायची बाकी राहिली.

"डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे! उद्या राणीला मुजरा करशील, बये!"

"चहा टाकू का बाईसाहेबांना? दूध वेगळं?"

"तूच म्हणतेस ना, कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही?"

म्हणत होती. शाळेचं नाही, पोलिसाचं नाही, पाद्र्याचं नाही. तिच्याच ओळी, तिच्याच चालीत, आता समोरून येत होत्या. दीडशे गळे, सगळे सुरात.

ग्लेनिसने पट्टी ओरबाडून काढली. "बघा! बघा ना!"

पापणी सुजून मिटलेली. कडेने पिवळा ओघळ.

पहिली रांग वाकून बघू लागली. मग टराटरा पट्ट्या निघाल्या, छतापर्यंत उडाल्या, आणि त्यांच्याखालचे ते सगळे धडधाकट डोळे तिच्याकडे बघून चमकले.

"चल, निघ," ट्रेव्हरने ड्रमच्या काड्या टाकल्या. पण मागे भिंत होती. दार एकच, गर्दीच्या पलीकडे.

अगदी पुढे एक पोरगी उभी होती, पंधराएक वर्षांची, दोन बस बदलून आलेली. गालांवरून काजळ वाहत होतं.

"ग्लेनिस," ती ओरडली, "तू होतीस म्हणून मी जगले गं!"

ग्लेनिसने दोन्ही हात तोंडापुढे धरले. पोरीने मान जराशी मागे घेतली, आणि मन लावून तोंडात लाळ गोळा करू लागली.