उजवा पट्टा

हिमानी पुन्हा भिंतीसमोर येऊन उभी राहिली. विनोद पेंटरने नमुन्यासाठी मारलेले दोन्ही पट्टे हिरवट-पिवळे, जुळ्या बहिणींसारखे.

"आज सांगून टाका, ताई. सोमवारी येऊन पुरी भिंत मारतो," विनोद म्हणाला.

खोली प्राजूची. पोर नुकतीच चालायला लागलेली, अंगणात विहीर, आणि सोमवारपासून हिमानीला सौंसरहून रोज पांढुर्ण्याच्या शाळेत नोकरीला जायचं होतं. रंगाचं नुसतं निमित्त होतं. जीव अडकला होता तो लेकीला घरी सोडून जाण्यात.

"आई, डावा की उजवा?"

सासूबाई, मनकर्णाबाई, उंबऱ्यात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. "तुले कसे वाटते, ते सांग पहिले."

"डावा जरा कच्चा हिरवा आहे. उजव्यात पिवळेपणा आहे, ऊन पडल्यासारखा."

"मंग उजवाच घे व! आंबिया बहाराचा संत्रा पिकाले आला का अस्साच दिसते."

झालं! हिमानीचा कितीतरी दिवसांचा घोळ एका वाक्यात मिटला. तिला कौतुक वाटलं. उगाच नाही संत्र्याच्या बागेतल्या बाया म्हणत, की मनकर्णाबाई फळ नुसतं तळहातावर घेतात आणि तोडायचं का ठेवायचं ते सांगतात.

मागे अंगणात घुंगरू वाजले. प्राजूच्या पायातले वाळे आजीनेच हौसेने केलेले. आंघोळ झाली की आधी वाळे, मग झबलं.

"प्राजू! हिरीकडे नोको जाऊ, माय!" मनकर्णाबाईंनी मानही वळवली नव्हती. हिमानीने धावत जाऊन पाहिलं, तर पोर खरंच विहिरीच्या वाटेवर.

यांच्या पाठीलाही डोळे आहेत, हिमानीच्या मनात आलं. कितीतरी दिवसांनी तिला त्या रात्री शांत झोप लागली.

रविवारी सासूबाई दिवसभरासाठी मोहगावला भावाकडे गेल्या, आणि विनोद एक दिवस आधीच आला. संध्याकाळपर्यंत भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत उजव्या पट्ट्याच्या रंगाने न्हाऊन निघाली. दोन्ही पट्टे त्याखाली गडप. आईंना चकित करायचं म्हणून हिमानीने कोणालाच सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी तिला सोडायला नवऱ्याने, प्रफुल्लने, बाहेर मोटरसायकल सुरू केली. हिमानीने प्राजूला सासूबाईंच्या कडेवर दिलं, त्यांना भिंतीसमोर नेऊन उभं केलं.

"पाहा, आई!"

मनकर्णाबाई भिंतीकडे तोंड करून कौतुकाने हसल्या.

"दोन्ही पट्टे मस्त दिसून राहिले व. पण विनोद आला का त्याले सांगतो मी, उजवाच मार म्हणून. तू जाय बिनघोर."