नवा क्रॉस बसेपर्यंत

"टाक गिअर."

व्हॅनवालीने गिअर टाकून क्लच सोडला. जुनी व्हॅन हातभर पुढे सरकली.

(                    )

"हा! आला ना आवाज?" वरून तिने विचारले.

"मागे घे."

(                    )

"हा बघा, परत! काका, आता तर बहिऱ्यालासुद्धा ऐकू जाईल."

गाडीखालच्या खड्ड्यात उभ्या असलेल्या मिस्त्रीने हत्यारांच्या पेटीत हात घातला.

लोक त्याला कानसेन म्हणत. गाडी फाटकातून आत येतायेताच तो तिचं दुखणं सांगायचा. हल्ली माणसांचं बोलणं ऐकू येई, पाण्याखालून आल्यासारखं. लोखंडाचं येणं मात्र बंद झालं होतं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोला वाटे, म्हातारपणी शिष्टपणा आलाय.

त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवलं, मूठ कानाला. नुसती थरथर. मग गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट दोन्ही हातांनी हलवून पाहिला. दोन्ही टोकांच्या सांध्यांतले क्रॉस घट्ट. असणारच. एक त्याने काल बदलला होता, दुसरा आज सकाळी. काढलेले दोन्ही चांगले निघाले होते, आत ग्रीससुद्धा ओलं. ते त्याने कचऱ्याच्या डब्यात चिंध्यांखाली दडपले होते.

"पुढून येतो की मागून?"

ती हसली. "ते तुम्ही सांगायचं ना! मला कळत असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?" मग तिचा आवाज उतरला. "पाचला आईला दवाखान्यातून सोडतायत. पाठीचे टाके अजून ओले आहेत. मध्ये तो लांबलचक चढ. तिथे काही तुटलं तर तिला घेऊन मी काय करू, सांगा."

मिस्त्री वर आला. मला ऐकू येत नाही. चारच शब्द होते. त्याने एकेक बोट पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं.

"नवा क्रॉस आहे," तो म्हणाला. "बसायला वेळ लागतो. पन्नास-साठ किलोमीटर वाजेल, मग आपोआप थांबेल."

"नक्की?"

त्याने मान हलवली.

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं!" तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. मागच्या सीटवर आईसाठी अंथरलेली गादी तिने हाताने सारखी केली. "उगीच घाबरले बघा. आता तर मला कमीच वाटतोय."

व्हॅन फाटकाबाहेर गेली, रस्ता मोकळा होईपर्यंत थांबली. तिने गिअर टाकला.

(                    )

समोरच्या दुकानातल्या शिंप्याने मशीन थांबवून मान वर केली. बसथांब्यावरच्या दोघीजणी गर्रकन वळल्या. उन्हात झोपलेलं कुत्रं उठून बाजूला झालं.

मिस्त्री फाटकाकडे धावला.

"अगं, थांब! नेऊ नकोस!"

तो जीव खाऊन ओरडला. निदान त्याला तसं वाटलं. व्हॅन कोपऱ्यावर वळली. शिंप्याचं मशीन पुन्हा सुरू झालं. या खेपेला एकही मान वळली नव्हती.