मिरजेचं पाणी

"तिला आधी पानी देऊन बघ," वरच्या मजल्यावर नवी भाडेकरीण आली त्याच दिवशी सरजाबाईंनी सुनेला बजावलं होतं. "पाटलाची लेक हाय म्हनं. घोटभर पेली तर आपली. न्हाई पेली, तर लेकराला जिना चढू देऊ नको."

उज्वलानं ते हसण्यावारी नेलं होतं. "आत्याबाई, आता कुठं राहिलंय तसलं? अन् हे लातूर आहे, तुमचं खेडं नाही."

पण शिवांगी, ती भाडेकरीण, खरंच पाणी पीत नव्हती. मिरजेची होती. नवरा बँकेत, पोरगी उज्वलाच्या धम्मानंदएवढीच, नुकती चालायला लागलेली. रोज खाली यायची, ताई ताई करत गप्पांना बसायची. पण पेला पुढं केला की मागं सरायची. "नको ओ ताई, आत्ताच प्यायलेय." चहालाही नकोच. भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याकडं शिवांगीची नजर जाते का, हे उज्वला आताशा चोरून बघायला लागली होती. सासूला मात्र तिनं अवाक्षर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर धम्मानंदचं वर जाणं बंद झालं असतं, आणि अख्ख्या गल्लीत त्याला तेवढी एकच जोडीदारीण होती.

त्या दुपारी शिवांगी बाजारातून आली ती पोरीला घेऊन थेट खालीच टेकली. चेहरा उन्हानं लाल, ओठ वाळलेले. पोरीच्या मानेवर घामोळ्याच घामोळ्या. उज्वलानं माठातलं पाणी आणलं.

"नको ओ ताई."

"अगं, उन्हातून आलीस की आत्ताच."

"वर जाऊन पिते ना."

बाजेवर सरजाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. सुनेकडं त्यांनी फक्त पाहिलं.

तेवढ्यात धम्मानंद आपला छोटा पेला दोन्ही हातांनी धरून डुलत डुलत आला आणि त्यानं तो पोरीच्या तोंडाला लावला. पोरगी गटागटा प्यायला लागली. शिवांगी झेपावली आणि तिनं पेला हिसकावून घेतला. अर्धं पाणी फरशीवर सांडलं.

इतके दिवस दाबून ठेवलेलं उज्वलाच्या तोंडातून निघूनच गेलं. "का गं? आमच्या घरचं पोरीलाही चालत नाही का?"

शिवांगीला ते ऐकूच गेलं नसावं. ती फरशीवरल्या पाण्याकडं बघत होती. "सांडलं ओ ताई," ती रडवेली झाली. "त्याच्या वाटचं सांडलं. मी वरनं आणून देते, कळशीभर आणून देते."

"सांडल्याचं काय घिऊन बसलीस?" सरजाबाई म्हणाल्या. "आमच्या घरी पानी का पेत न्हाईस, ते सांग."

"तुमच्यातलं पाणी कसं पिऊ ओ, आजी?" शिवांगीनं नाक पुसलं. "मी शाळेत होते. पप्पांनी आम्हाला मिरज स्टेशनावर न्हेलतं. पाण्यानं भरलेली आख्खी रेल्वे! म्हणाले, ही लातूरला चाललीय, तिथली माणसं ह्याच्यावर जगत्यात. आमच्या आजीनं दुसऱ्या दिवसापासून अंगणात सडा टाकायचा बंद केला. आणि आता इथं येऊन मी तुमच्या लेकराच्या तोंडचं पिऊ होय?"

मग सरजाबाई हसायला लागल्या. हसता हसता मांडीवरलं सूप कलंडलं, शेंगा घरभर झाल्या.

"अगं माय माय! ती गाडी बंद होऊन जमाना झाला की!"

उज्वलाचं लक्ष मात्र पोरीच्या मानेकडं होतं. "म्हणून हिला एवढ्या घामोळ्या?"

"तांब्याभर पाण्यात पुसून काढते तिला. नळ रोज येत नाही ना, ताई?"

"नळ रोज येत न्हाई, हे खरं हाय," सरजाबाईंनी पदरानं डोळे टिपले. "पर पाव्हण्याला पाजायला पानी न्हाई, आसं घर न्हाई लातुरात. आन ते गाडीचं पानी आमीबी पेलोय गं. तुझ्या मिरजंचं. आता आमचं पे."

उज्वलानं पेला पुन्हा भरून दिला. शिवांगीनं वरून धार धरली नाही. पेला ओठाला लावला आणि डोळे मिटून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. सरजाबाई तिच्या ओठांकडं बघत होत्या. मग खाली वाकून शेंगा गोळा करायला लागल्या.

"आजून दे तिला," म्हणाल्या.

संध्याकाळी दोन्ही लेकरं एकाच टबात बसली होती, आणि फरशीभर पाणी झालं तरी कुणी कुणाला रागावलं नाही.

आता शिवांगीच्या नवऱ्याची बदली किनवटला झालीय. निघताना तिनं विचारलं होतं, "ताई, तिकडं जंगल आहे म्हणे. वाघ असतो का ओ?"

उज्वला चाकूरची. किनवट तिनं जन्मात पाहिलेलं नाही. तरी ठासून म्हणाली, "असतो की! दार लावून घेत जा. पोरीला अंगणात सोडू नको बाई."

परवा फोनवर शिवांगी सांगत होती, "दार लावूनच बसलेय, ताई." तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

तेव्हा तुमच्यातलं कुणी किनवटकडचं असेल, तर एकदा तिच्याकडं डोकावून या, असा उज्वलाचा निरोप आहे. स्टेशनाच्या बाजूला, निळ्या दाराचं घर. लवकर उघडायची नाही. लातूरच्या ताईनं पाठवलंय म्हणा. उघडलं की आधी घोटभर पाणी मागा, आणि पेला ओठाला लावूनच प्या.