असू दे

"आज कशाला?" बाळाच्या आईने विचारलं आणि डॉक्टरांचा सगळा राऊंड जागच्या जागी थांबला.

मोठे सर पुढच्या काचेच्या पेटीकडे निघालेच होते. मागे उभ्या असलेल्या छोट्या मॅडमनी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. रोज सकाळी हाच प्रश्न! नवजात बाळांच्या त्या विभागात या बाईचं नावच 'कशाला-ताई' पडलं होतं. तिची पाठ वळली की सगळे म्हणत, "पहिलटकरीण आहे, घाबरते."

प्रश्न होता लाइनचा. बाळाच्या दंडातल्या शिरेतून आत सरकवलेली, दोऱ्याएवढी बारीक नळी थेट हृदयापाशी पोचली होती. बाळ एवढंसं, शिरा दिसता दिसेनात. दोघा डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा छोट्या मॅडमनी ती बसवली होती. सर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "सोन्यासारखी लाइन आहे." तेव्हापासून मॅडमचा त्या नळीवर भारी जीव.

ताई हेकट होती, यात वाद नाही. कोणी न सांगता कोपरापर्यंत हात धुऊन यायची आणि दुसऱ्यांनाही सोडायची नाही. नळीचं बाहेरचं टोक पुसताना सिस्टरने घाई केली की ही म्हणायची, "पुन्हा पुसा." एकदा तर खुद्द सरांना मनगटावरचं घड्याळ काढायला लावलं. सिस्टर कुजबुजल्या, "असू दे हो ताई, मोठे सर आहेत ते." पण घड्याळ निघेपर्यंत ताई पेटीसमोरून हलली नाही. बाळाला दुसऱ्या दवाखान्यातून इथे आणलं होतं. त्याचा जीव वाचवायच्या धावपळीत आईची चौकशी करायला सवड होती कोणाला?

"बाळ आता सगळं दूध पचवतंय," ताई म्हणाली. "औषधंसुद्धा तोंडातूनच. मग ही नळी कशाला?"

"तिच्यातून सलाइन चालू आहे ना," सर म्हणाले.

"सलाइन कशाला?"

"नळी बंद पडू नये म्हणून!"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते सरांच्या लक्षात आलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. सरांचे कान लाल झाले.

"ताई, डॉक्टर तुम्ही की मी?"

"तुम्हीच. म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

"असू दे ती. उद्या लागलीच तर?" सरांनी हात झटकला. "मॅडम, तुम्ही समजवा यांना."

मॅडमनी तोंड उघडलं. नळीचे धोके त्यांना तोंडपाठ होते. ती जितके जास्त दिवस राहील तितका जंतूंना रस्ता मोकळा, आणि तो रस्ता सरळ हृदयाकडे. काढण्याची कारणं भराभर आठवली. ठेवण्याचं मात्र एकच सापडलं, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. ती त्यांनी स्वतः घातली होती. मॅडमना स्वतःचीच लाज वाटली. मग रागही आला.

"सर, मी काढते ती."

"आणि उद्या लागली म्हणजे?"

"तर पुन्हा घालीन. हात माझेच आहेत."

 सर पुढच्या पेटीकडे गेले. त्यांच्यामागून बाकीचेही गेले. सिस्टर तेवढ्या थांबल्या.

मॅडमनी हात धुतले, हातमोजे चढवले आणि नळी हळूहळू बाहेर ओढली. टोक शाबूत असल्याची खात्री केली. दंडावर कापूस दाबून धरला. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा झोपी गेलं.

"झालं बघा," मॅडम म्हणाल्या. आता त्यांना ताईचं कौतुकच वाटत होतं. "पहिलं बाळ असलं की जीव असाच टांगणीला लागतो. दुसऱ्या वेळी नाही एवढी भीती वाटत."

"हे दुसरं आहे," ताई म्हणाली. तिची नजर बाळाच्या दंडावरून हलली नाही. "पहिल्याच्या वेळी डॉक्टर म्हणाले, असू दे. मीही म्हटलं, असू दे."