उताऱ्याची पुडी

निजामाचं राज्य गेलं, पण भुजंगाची शिंदी काही सुटली नाही. तो पिऊन पडायचा आणि मेंढरांमागं दिवसभर त्याची बायको केवळाबाईच हिंडायची. शिंदीचं गाडगं तिनं कुठंही लपवलं तरी तो हुडकून काढायचा. शेवटी दमून तिनं ताडकळसच्या बाजारातल्या वैदूकडून नशेवरच्या उताऱ्याची पुडी आणली. कसल्याशा पांढऱ्या दगडाची भुकटी होती ती.

"ताकात घालून पाजा, आन् आधी आजमावून बघा," वैदू म्हणाला होता.

दुपारी भुजंग झोकांड्या खात घरी आला. तिनं त्याला ताकातून भुकटी पाजली आणि थोड्या वेळानं हातात पटका दिला. प्यालेल्या भुजंगाला पटका कधीच बांधता यायचा नाही. आज त्यानं एकेक पेच नीट बसवत बांधला. केवळाबाई भिंतीला टेकून खाली बसली. कितीतरी दिवसांनी तिला हायसं वाटलं.

"लय गुणाची पुडी हाय," म्हणत भुजंग उठला.

"आता कुठं जायलाव?"

"सगळी उतरली की. पुन्हा पहिल्यापासून प्यावी लागंल."



त्या दिवसापासून केवळाबाई शिंदीचं गाडगं लपवत नाही. पुडी लपवते.