मेतकुटाची बरणी

"मेतकूट आत नेता येणार नाही, आजी," विमानतळावरचा अधिकारी गळ्यातल्या दुभाषी यंत्रातून मराठीत म्हणाला.

द्वारकाबाई लेकीच्या बाळंतपणाला युरोपातल्या या कालव्यांच्या देशात आल्या होत्या. त्यांनी बरणी छातीशी धरली.

"डाळीत नायट्रोजन असतो. तो पोटातून गटारात, गटारातून कालव्यात जातो. शेवाळ माजतं, मासे मरतात. म्हणून परक्या नायट्रोजनला बंदी आहे," अधिकाऱ्याने समजावलं.

"आणि पन्नास वर्षं तुमच्या गाईंनी बोटी भरभरून परदेशी सोयाबीन खाल्लं, ते काय होतं? आमच्याकडे युरिया रेशनवर मिळतो. मूतसुद्धा आम्ही जपून शेतात घालतो. आणि तुम्हाला माझं पाव किलो मेतकूट जड झालं?"

असल्या प्रश्नाचं उत्तर नियमावलीत नव्हतं. जप्त केलेलं अन्न ताबडतोब नष्ट करावं, एवढंच होतं. अधिकाऱ्याने हातमोजे चढवले, त्यांच्या हातातून बरणी काढून घेतली, कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये उपडी केली आणि नळ सोडला. हिंग-मेथीचा वास दालनभर पसरला.

"हे पाणी कुठं जातं रे, शहाण्या?"

त्याने अदबीने खिडकीबाहेर बोट दाखवलं. तिथे शेवाळाने हिरवागार झालेला कालवा होता.

द्वारकाबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"बरणी दे इकडे," त्या म्हणाल्या. "नाहीतर तीही नियमाने बुडवशील."