चव राहिली

“चपटा, रुपेरी, काटे मोजकेच; लहान मुलांसाठी आया हाच मागून घेतात,” तिनं चिठ्ठी वाचली.

“पापलेट!” संपादक खुर्चीत सरसावून बसले.

शब्दकोशाच्या कचेरीत अर्थ असेच तपासत. लिहिणाऱ्यानं शब्द झाकून नुसता अर्थ वाचायचा. ऐकणाऱ्यानं शब्द ओळखला, तर चिठ्ठी छपाईला जाणार. नाही ओळखला, तर पुन्हा लिही बाई. आज सगळे मासे पार पडले की तिची नोकरी कायम होणार होती.

“अंगात पाणीच पाणी, ताजा असताना हातात धरवत नाही, वाळला की काडीसारखा कडक.”

“बोंबील! वा!” संपादकांनी आवंढा गिळला. बिचाऱ्यांची जेवणाची वेळ टळून गेली होती.

ती मात्र आतून धास्तावलेली. नेमणुकीच्या वेळी त्यांनी ‘मासे खाता ना?’ विचारलं आणि तिनं नंदीबैलासारखी मान डोलावली. तिच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. मग काय, मासळीवाल्या मावशी, शेजारच्या वहिनी, खाणावळीचा आचारी, सगळ्यांचं तिनं डोकं खाल्लं. काटा कुठून काढता? मऊ म्हणजे नेमका कशासारखा? मांजराला काय टाकता? मावशी तर तिला लांबून बघूनच टोपलीवर फडकं ओढायच्या. विचारता विचारता तिला स्वतःलाच ओढ लागली. नोकरी पक्की झाली की आजच वहिनींकडे पहिला घास घ्यायचा, हेही तिनं ठरवून टाकलं होतं.

शेवटची चिठ्ठी सुरमईची. तीही ओळखली गेली. संपादकांनी चष्मा काढला.

“सगळं आहे, पण चव कुठाय? एकाही चिठ्ठीत चवीचं अक्षर नाही.”

तिच्या तोंडचं पाणी पळालं. आता खोटं बोलून निभणार नव्हतं.

“सर, मी मासा कधी खाल्लेलाच नाही.”

 संपादक एकदम हसत सुटले.

“तरीच! अहो, मी लिहायला बसलो असतो, तर ‘एक चविष्ट मासा’ म्हणून मोकळा झालो असतो. सगळ्या माशांना तेच!”

त्यांनी कायम नेमणुकीच्या कागदावर सही ठोकली. तिनं हात पुढे केला, तरी त्यांनी कागद काही सोडला नाही.

“एकच अट. खेकडे, कोळंबी, शिंपले अजून बाकी आहेत. कोश छापून होईपर्यंत मासळीतलं काही चाखायचं नाही.”